उजवी सॅडलबॅग सायलेन्सरपासून कशी वाचवायची?

घाटवेडा

नमस्कार मंडळी. डिसेंबरात पुण्याहून ताम्हिणी उतरून श्रीवर्धन-हरिहरेश्वर, मग फेरीबोटीने खाड्या ओलांडत दापोली, गुहागर, रत्नागिरी आणि जमलं तर पार वेंगुर्ल्यापर्यंत असा बेत आहे. एक गाडी, आम्ही दोघं आणि नेहमीप्रमाणे गरजेपेक्षा जास्त सामान. गाडी साडेतीनशे सीसीची, सिंगल सिलिंडर, सायलेन्सर एकच, उजवीकडे, खालून सरळ मागे गेलेला. सीटवरून आडवी टाकायची मऊ सॅडलबॅगांची जोडी घेतलीये. डावी मस्त बसते. उजवी मात्र भरली की खाली उतरते, तळ सायलेन्सरच्या वर जेमतेम दोन बोटं राहतो, आणि गाडी साइड स्टँडला लावली की तेवढीही फट राहत नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या बॅगेचा तळ पावसाळ्यात वरंध घाटात वितळला होता, आत नशिबाने टॉवेल होते म्हणून निभावलं. दुकानदाराला विचारलं तर म्हणे कापड फायरप्रूफ आहे साहेब, काही होत नाही. कुठलं कापड ते मात्र त्याला माहीत नाही. व्हिडिओ बघावेत तर कोणी सायलेन्सरला पट्टी गुंडाळतोय, कोणी बॅगेला आतून चंदेरी फॉइल चिकटवतोय, कोणी म्हणतो गुपचूप अॅल्युमिनियमचे डबे घ्या. डबे घ्यायचे नाहीयेत. ज्यांनी स्वतः काही करून बघितलंय त्यांनी लिहा प्लीज.

पंक्चरकाका

उजवी बॅग घरी ठेव. बॅग वाचली, सायलेन्सर वाचला, मायलेज पण वाढलं.

घाटवेडा

काका, बायकोला तसं सांगून बघतो. तुमचा पत्ता देऊन ठेवा, ती भेटायला येईल.

पॉलिमरवाली

नोकरी प्लास्टिकशी संबंधित आहे म्हणून जरा लांबण लावते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

या बॅगांचं कापड बहुतेक वेळा नायलॉन नाहीतर पॉलिस्टर. नायलॉन ६ साधारण २२० डिग्रीला वितळतं, नायलॉन ६६ आणि पॉलिस्टर २५०-२६० च्या आसपास. आकडे ऐकायला बरे वाटतात, पण बॅगेत ते कापड एकटं कुठे असतं. पाणी आत येऊ नये म्हणून आतून पीयू नाहीतर पीव्हीसी या प्लास्टिकचा लेप असतो, तळाला आकार यावा म्हणून प्लास्टिकची शीट घातलेली असते, कडेला पायपिंग, वर जाळीचा खिसा, बकल, चेन. तळाची शीट पॉलिप्रॉपिलीनची असेल तर १६० ला वितळते, पॉलिथिनची असेल तर ११० ते १३० मध्येच कारभार आटोपतो, आणि पीव्हीसी ८० च्या पुढे मऊ पडायला लागतं. शिवाय वितळायच्या कितीतरी आधी हे सगळं ढिलं पडतं. भरलेली बॅग लोंबतेय, खालून तापतेय, मग ती ताणली जाते, ताणली की अजून खाली येते आणि एकदा पाईपला टेकली की पुढचं सगळं दोन-चार मिनिटांचं काम.

म्हणून मी तरी कापड कुठलंय यावर डोकं घालणार नाही. तापलेल्या तव्यावर वीतभर उंच हात धरला तर आपण बराच वेळ धरू शकतो, तव्याला मात्र क्षणभरही लावू शकत नाही, तेच गणित इथे आहे. टेकणं बंद झालं की साधी बॅग पण टिकते.

पाईप किती तापतो ते गाडीगाडीवर आहे. इंजिनाला लागून असलेला बेंड पाईप सगळ्यात गरम, मागे जाताना कमी कमी. पण मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असतो, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्यांत तर असतोच, आणि त्याला नीट काम करायलाच अडीचशे-तीनशे डिग्री लागतात. त्यामुळे तो जिथे बसवलाय तेवढा भाग आजूबाजूपेक्षा जास्त तापलेला सापडू शकतो. तो तुझ्या बॅगेच्या बरोबर खाली येतोय का ते आधी शोध.

घाटवेडा

हे भारी आहे. पण शोधायचं कसं? घरात कोविडवेळची कपाळाला धरायची ती गन पडलीये, ती चालेल?

पॉलिमरवाली

ती अंगाचा ताप मोजायला बनवलेली आहे, चाळिशीच्या थोडं पुढे गेलं की नुसतं "हाय" दाखवते. इंडस्ट्रीवाली इन्फ्रारेड गन मिळते, ती आण कोणाची तरी. आणि एक लक्षात ठेव, चकचकीत क्रोमवर ती गन खोटं बोलते, बरंच कमी दाखवते, कारण चमकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो. जिथे मोजायचंय तिथे हीटप्रूफ मॅट काळ्या रंगाचा ठिपका मार आणि त्या ठिपक्यावर मोज.

गन नसेल तर पाणी. घाट चढून आल्यावर गाडी बंद कर आणि बोटाने एक-एक थेंब टाकत जा. थेंब चुर्र होऊन उडाला तर शंभरच्या वर. थेंब गोळी होऊन पाईपावर नाचायला लागला तर दोनशेच्या आसपास नाहीतर त्याहून जास्त. इतकं आपल्या कामाला पुरतं.

बुलेटतात्या

एवढं थेंबबिंब मोजत बसायची गरज नाही. सायलेन्सरला ती फायबरग्लासची पट्टी गुंडाळा, विषय संपला. आणि दोघं बसलात की शॉकअप दबतो, शॉकअप दबला की बॅग खाली येऊन सायलेन्सरला लागते. म्हणून आधी प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण, वाढवा.

निशाचर

तात्या, आदर आहे, पण सायलेन्सर चेसिसला बोल्टने बांधलेला असतो आणि बॅग सीटवर असते. शॉकअप दबला की दोघंही एकत्रच खाली जातात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. वर येतं ते चाक. प्रीलोड वाढवायचाच आहे तर बॅग चाकाला घासू नये म्हणून वाढवा, सायलेन्सरसाठी त्याचा काही उपयोग नाही.

बॅग खाली येते ती तिच्या बांधायच्या पट्ट्या सरकल्यामुळे. सकाळी घट्ट ओढलेली पट्टी दोन तास खड्डे खाल्ल्यावर बकलातून थोडी थोडी सुटत जाते.

बुलेटतात्या

आणि सीटचा फोम दबत नाही वाटतं? मागे बसलेल्या माणसाच्या वजनाने पट्टी खाली जाते की नाही?

निशाचर

हो, फोमचं बरोबर आहे. म्हणून पट्ट्या दोघं बसल्यावर ओढायच्या, रिकाम्या गाडीवर नाही. मान्य.

सायलेन्सरला फायबरग्लासची पट्टी गुंडाळण्याबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. एकतर ती बेंड पाईपसाठी असते, मागच्या मफलरसाठी नाही. बेंड पाईपला गुंडाळली की तिथली उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या धुरातच राहते आणि धूर मागे सायलेन्सरमध्ये जास्त गरम पोचतो, म्हणजे बॅग जिथे आहे नेमकं तिथे. दुसरं, ती पट्टी पाणी धरून ठेवते. कोकणातली खारी हवा आणि वरून ओली पट्टी, साध्या लोखंडी पाईपची खालून चाळण झालीये हे पट्टी सोडल्यावरच कळतं. रेसिंगवाले वापरतात ते वेगळ्या कारणासाठी आणि त्यांच्या गाड्या पावसात दारात उभ्या नसतात.

उद्यमनगरी

आमच्या कोल्हापुरात ह्याच्यावर उपाय कवाच निघालाय, फक्त त्याला कोण टूरिंग म्हणत नाही. पहाटे खेड्यातनं शहरात येणाऱ्या दूधवाल्याची गाडी बघा. दोन्हीकडं दुधाचे कॅन, कधी वर कॅरियरवर अजून एक, आणि गाडी खड्ड्याखड्ड्यातनं रोज, पावसापाण्यात. कॅन सायलेन्सरला लागलेला कधी बघितलाय? दूध तापलं तर नासतंय, धंदाच बसला की मग. त्यानं काय केलेलं असतंय तर खाली सळीचा स्टँड मारून घेतलेला असतोय, कॅनचं सगळं वजन त्या स्टँडवर, सायलेन्सर त्याच्या आत मोकळा.

बॅगेला तसाच पण हलका करायचा. तुमच्या गाडीच्या मागच्या फुटरेस्टच्या बोल्टापासनं एक टोक आणि वर सीटमागच्या ग्रॅब रेलच्या बोल्टापासनं दुसरं, मधी सळीचा चौकोन, आणि खाली आडवी एक दांडी जरा बाहेर काढून, की बॅगेचा तळ तिच्यावर बसंल. १० एमएमची सळी भरपूर झाली, पाईप वाकवून घेतला तर अजून हलकं. उद्यमनगरात असलं काम करणारे ढिगानं हायत, तुमच्या पुण्यात पण कुठलाबी खिडकी-ग्रिलवाला करून देईल, त्याला फक्त नीट दाखवा की सायलेन्सर आणि दांडीत तीन बोटं फट पाहिजे.

दोन गोष्टी सांगतो. चेसिसला डायरेक्ट वेल्डिंग मारू द्यायचं नाही, सगळं बोल्टावर घ्यायचं. आणि माप घ्यायला टाका मारतानासुद्धा वेल्डिंग गाडीवर करणार असला तर बॅटरीची वायर आधी काढा, आताच्या गाड्यांत ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर असतोय, तो उडाला तर स्टँड राहिला बाजूला.

खडीवाला

+१ दूधवाला. लडाखला जाऊन आलेले लोक इंपोर्टेड रॅकचे फोटो टाकतात आणि गावाकडे तेच डिझाइन कित्येक वर्षं दूध घालतंय.

निशाचर

डावी बॅग मस्त का बसते त्याचं कारण पण हेच आहे बरं का. डावीकडे साडीगार्ड असतो. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकेल असं काहीतरी असलंच पाहिजे असं आहे (नियम १२३), साडी, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून. बायका पूर्वी डावीकडे पाय करून एकाबाजूला बसायच्या म्हणून जाळी डावीकडे. बॅग निवांत तिच्यावर टेकते. उजवीकडे टेकायला कंपनीने फक्त सायलेन्सर दिलाय.

पोरं गाडी घेतल्या घेतल्या साडीगार्ड काढून भंगारात देतात, स्टाइल मारायला. सॅडलबॅग लावणार असाल तर डावा साडीगार्ड अजिबात काढू नका, आणि उजवीकडे त्याचाच उलटा करून घ्यायचा असं वेल्डरला सांगितलं तरी त्याला लगेच कळतं.

मागची_सीट

सगळे बॅगेवर बोलताय, माझ्या पोटरीवर कोण बोलणार?

मी कायम मागे बसते. बॅग वाचवायला नवरे लोक ती पुढे ओढतात, म्हणजे सायलेन्सरपासून लांब असं त्यांचं म्हणणं, आणि मग बॅगेची पुढची कड माझ्या पायाला ढकलत राहते आणि पाय जातो सरळ पाईपकडे. उतरताना तर हमखास. ते सळीचं जे काही करणार आहात ते मी सीटवर बसलेली असताना मापून घ्या. पाय फुटरेस्टवर ठेवून टाच मागे लागत नाही ना, एवढं बघितलं तरी पुरे. आणि उतरायचं डावीकडूनच, हे धागाकर्त्याच्या बायकोला माझ्याकडून सांगा.

बॅगेत काय भरायचं यावर पण बोला की. उजव्या बॅगेचा तळ वितळला नाही तरी आतून चांगला कोमट होतो. तिथे औषधं नको, सासूबाईंचं इन्सुलिन तर कधीच नको, पॉवर बँक नको, चॉकलेट-क्रीम नको. मी खाली जाड सुती चादर घालते आणि त्यावर कपडे. चादर तापली तरी बिघडत नाही, सुती कापड वितळत तर नाही. परतताना आगळाच्या बाटल्या डावीकडे.

पॉलिमरवाली

पॉवर बँकेचं महत्त्वाचं आहे. लिथियम बॅटरीला साठ डिग्रीच्या पुढची जागा नको. सुती कापड वितळत नाही हे खरं, पण पाईपला टेकलं तर ते करपतं आणि धुमसतं, तेव्हा चादर आतच बरी, बाहेरून गोणपाट बांधायचा विचार कोणी करत असेल तर नको.

सरचू_रिटर्न

लडाखवाल्यांसाठी एक वेगळं लिहितो, धागा तिकडचा नसला तरी. पेट्रोलचा जादा कॅन उजवीकडे सायलेन्सरवर लटकवलेला दरवर्षी दिसतो, कारण डावीकडे तंबू असतो म्हणे. कापड वितळताना निदान वास तरी येतो. पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खाली, उणे चाळीसच्या आसपास सुद्धा पेट घेण्याइतकी तयार होते, त्यामुळे थंडी आहे म्हणून चालतंय हा विचार डोक्यातून काढा. वर चढताना हवेचा दाब कमी होतो, कॅन फुगतो, झाकण जरा जरी ढिलं असेल तर तिथूनच झिरपतं. कॅन डावीकडे, शक्य तितका वर आणि उभा. कॅम्पिंगच्या छोट्या गॅसच्या डब्यांवर पण पन्नास डिग्रीच्या वर नेऊ नका असं छापलेलं असतं, ते वाचा.

लेथवरचा

फट झाली, आता पत्र्यावर येऊ. स्टँड केल्यावर पण सायलेन्सरकडून येणारी धग राहतेच, ती अडवायला एक पत्रा पुरतो पण तो लावायची पद्धत आहे.

एक एमएमचा अॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, हाताने वाकतो, कात्रीने कापतो. सायलेन्सरवर थेट आवळू नका, मग तो पत्राच सायलेन्सर होतो. मध्ये निदान १०-१५ एमएम हवा पाहिजे. बोल्टावर पाईपचे छोटे तुकडे स्पेसर म्हणून टाका, नाहीतर वायसर एकावर एक. वरची आणि खालची कड उघडी ठेवा, गरम हवा वरून निघते आणि खालून थंड येते, बाजू बंद केल्या तर आत भट्टी. चकचकीत बाजू सायलेन्सरकडे.

सायलेन्सरला भोक पाडायचं नाही हे सांगायला नको, पण सांगतो कारण पाडणारे बघितलेत. मोठ्या स्टीलच्या होज क्लिपा मिळतात त्या वापरा, किंवा मी तर म्हणतो पत्रा सायलेन्सरला लावूच नका, त्या सळीच्या स्टँडलाच आतून लावा. मग बॅग, दांडी, पत्रा, हवा, सायलेन्सर असा क्रम होतो आणि सायलेन्सर काढताना काही अडत नाही. भोकाजवळ पत्रा थरथरून चिरतो, तिथे मोठा वायसर दोन्हीकडून.

पॉलिमरवाली

पत्रा का चालतो त्याचा हिशोब मजेशीर आहे. न टेकता जी धग येते ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते (केल्विनमध्ये). म्हणजे बॅगेसमोर ३०० डिग्रीच्या पाईपाऐवजी १५० डिग्रीचा पत्रा आला तर धग निम्मी होत नाही, एक तृतीयांशाहूनही कमी राहते. आणि अॅल्युमिनियम मुळात धग बाहेर टाकण्यात कंजूष, म्हणजे प्रत्यक्षात अजूनच कमी. फक्त चिखल बसून काळा-मॅट झाला की ही कंजुषी संपते, अधूनमधून पुसत जा.

आणि बॅगेच्या तळाला बाहेरून काही लावायचंच असेल तर केक भाजायला ओव्हनमध्ये घालतात ती सिलिकॉनची मॅट. आत फायबरग्लासचं कापड असलेली मिळते, सव्वादोनशे-अडीचशे डिग्री सहन करते, पाण्याने काही होत नाही, सुईने शिवता येते. आतून फॉइल चिकटवण्यापेक्षा कितीतरी बरी. फॉइल आतून लावल्यावर बाहेरचं कापड तर उघडंच राहिलं ना, वितळायचं ते वितळणारच.

बुलेटतात्या

पूर्वी गॅरेजमध्ये अॅस्बेस्टॉसचं पान मिळायचं, त्याच्यासारखं काही नाही. अजून मिळतं शोधलं तर.

लेथवरचा

तात्या, नको. ते कापताना, घासताना जे तंतू उडतात ते फुप्फुसात बसतात आणि वीस-तीस वर्षांनी हिशोब मागतात. बॅगेसाठी कोण एवढी किंमत देणार. भट्टीवाली सिरॅमिक वूल पण कोणी सुचवेल, हजार-बाराशे डिग्री सहन करते ती, पण गाडीच्या थरथरीने तिचा भुगा होतो आणि तोही श्वासात जायला चांगला नाही.

खडीवाला

इथे सगळं खाली सरळ जाणाऱ्या सायलेन्सरचं चाललंय. हिमालयन, एक्सपल्स असल्या गाड्यांना सायलेन्सर वर उचललेला असतो, पाण्यातून जायला. तिथे बॅग सायलेन्सरच्या वर न येता बाजूला येते, त्यामुळे स्टँड तर लागतोच पण तो बाहेर काढावा लागतो आणि गाडी उजवीकडे रुंद होते. उजवी बॅग आतून कापलेल्या आकाराची किंवा सरळ लहान घेणं जास्त शहाणपणाचं. जड सामान डावीकडे गेलं तर गाडी डावीकडे ओढते हे खरं, म्हणून जड वस्तू मागे सीटवरच्या आडव्या बॅगेत, मध्यभागी.

आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर काही येता कामा नये. बॅग तोंडाच्या मागेपर्यंत लोंबत असेल तर सगळा गरम झोत तिच्यावर, त्यात काजळी, कपड्यांना तो वास दोन धुण्यांनी पण जात नाही. इंटरसेप्टरवाल्यांना तर दोन्हीकडे सायलेन्सर, त्यांनी दोन स्टँड करा आणि गप्प बसा.

निशाचर

अजून एक, गाडी चालू असताना वाऱ्याने सगळं थंड होत राहतं. बॅगा जळतात त्या दोन जागी. एक, घाटात ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना, इंजिन जोरात आणि वारा शून्य. दोन, चहाला थांबल्यावर. इंजिन बंद, वारा बंद, पाईप अजून तापलेलाच आणि वर साइड स्टँड. गाडी डावीकडे कलली की तिचं खालचं अंग उजवीकडे बाहेर येतं आणि लोंबणारी उजवी बॅग बरोबर सायलेन्सरवर जाऊन टेकते. लोक म्हणतात चालवताना काहीच झालं नाही, मग जळली कधी? तेव्हा जळली, तुम्ही मिसळ खात होता.

मेन स्टँड असेल तर तोच लावा. धागाकर्त्याने फेरीबोट लिहिलंय म्हणून आठवलं, बागमांडला-वेश्वी काय, दाभोळ-धोपावे काय, जेट्टीपर्यंत गाडी तापवत आणलेली असते आणि बोटीवर दाटीवाटीत साइड स्टँडला उभी राहते. तिथे बॅगेचा पट्टा वरून ओढून धरा किंवा मध्ये हेल्मेट सोडून काहीही घाला, चप्पल घाला हवी तर. नको, चप्पल पण वितळेल.

घाटवेडा

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. रविवारी ताम्हिणीत जाऊन थेंबाची परीक्षा केली (बायको म्हणाली वेड लागलंय). पुढच्या बाजूला थेंब नाचला, मागच्या निम्म्या भागात नुसता चुर्र. म्हणजे बॅगेची पुढची खालची कड हीच खरी अडचण आहे. ग्रिलवाल्याकडे दूधवाल्याचा स्टँड म्हटल्यावर त्याने माप सुद्धा विचारलं नाही आधी, लगेच सळी काढली. मागची_सीट ताई, बायकोला बसवूनच माप घेतलंय, टाच मोकळी आहे. पत्रा लेथवरचा म्हणतात तसा स्टँडला आतून, पुढच्या अर्ध्या लांबीलाच.

आता दोन शंका. स्टँडमुळे बॅग बाहेर आलीये, पोलीस काही म्हणतील का? आणि पावसाचं कव्हर घातल्यावर काय करायचं, ते तर फडफडतं.

खडीवाला

२०२० मध्ये नियमात मोटरसायकलवरच्या हलक्या कंटेनरचं माप आलंय, लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिमी, आणि तो मागच्या माणसाच्या जागेवर ठेवला तर मागे माणूस नेता येत नाही. ते डिलिव्हरीवाल्या डब्यांसाठी आहे, मऊ सॅडलबॅगेवरून कोणी अडवलेलं माझ्या ऐकण्यात नाही. नंबरप्लेट, टेललाइट, इंडिकेटर झाकले जाऊ नयेत, तिथे मात्र अडवतात आणि बरोबरच आहे. रुंदीची काळजी पोलिसांपेक्षा लक्ष्मी रोडला कर, आपण आरपार जाऊ असं वाटतं आणि उजवी बॅग रिक्षाला अडकते.

लेथवरचा

पावसाचं कव्हर सगळ्यात आधी जळतं. पातळ नायलॉन, आतून लेप, आणि इलॅस्टिकने नुसतं धरलेलं. बॅग तळाशी दांडीवर टेकलेली असली तरी कव्हर दांडीच्या आजूबाजूने फुगून पत्र्याच्या खाली जातं. दोन उपाय, एकतर कव्हर न वापरता आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून सामान त्यात बांधायचं, मी तेच करतो. नाहीतर कव्हरवरून एक पट्टा आडवा घट्ट ओढायचा आणि पट्ट्यांची उरलेली शेपटं गुंडाळून टेप मारायची. लोंबणारं शेपूट सायलेन्सरवर वितळलं तर परवडलं, चाकात गेलं तर नाही. डिसेंबरात कोकणात पाऊस नाही लागणार बहुतेक, दवाला पिशवी पुरे.

नवा_भिडू

उशिरा आलोय धाग्यावर. सायलेन्सरवर आधीच चिकटलेलं प्लास्टिक कसं काढायचं? काळा डाग नाही, चांगला जाड थर आहे. नेलपेंट रिमूव्हर लावून बघू का?

पॉलिमरवाली

नेलपेंट रिमूव्हरने नायलॉन आणि पॉलिथिन दोन्ही ढिम्म हलणार नाहीत, वर ते ज्वलनशील आहे, गरम पाईपाजवळ तर आणूच नकोस. मोकळ्या हवेत गाडी थोडा वेळ चालू ठेव, थर मऊ झाला की बंद कर, जाड हातमोजे घाल आणि लाकडी पट्टीने खरवड, जुना उलथण्याचा लाकडी दांडा पण चालतो. एका दमात निघत नाही, गार झालं की परत तापव. वास येईल, पीव्हीसी असेल तर तो धूर चांगला नसतो, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये हे करू नकोस. शेवटचा पातळ डाग राहतो त्याला पितळी तारेचा ब्रश.

लेथवरचा

क्रोम असेल तर पितळी ब्रशही हलक्या हाताने आणि आधी एका कोपऱ्यात लावून बघ. पॉलिश पेपर तर नकोच. फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की राहिलेलं निघतं आणि क्रोम पण उजळतं. सायलेन्सर मॅट काळा असेल तर घासताना रंगच जाणार, तिथे थर काढून वरून हीटप्रूफ स्प्रे मार, पण त्याआधी सगळं तेलकट पुसून घे नाहीतर पहिल्याच घाटात पापुद्रे.